छावणीचा कारभार कोणाच्या हाती?

गुरुवारी छावणीत आठवडी बाजार भरतो. जनावरांचे सौदे होतात, पंचक्रोशीतली माणसे येतात, संध्याकाळी बाजार उठतो आणि मागे कचरा उरतो. तो उचलणारे हात कोणत्या समाजाचे, हे आमच्या वाचकांना सांगावे लागत नाही. त्या कचऱ्याचे काय करायचे हे ठरविणाऱ्यांना मात्र कोणी निवडून दिले?

छावणी परिषदेची निवडणूक झाली जानेवारी २०१५ मध्ये. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभरातील छावणी परिषदांची वाढीव मुदतही संपली आणि कारभार लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व एक नामनिर्देशित नागरी सदस्य यांच्याकडे गेला. ३० एप्रिल २०२३ ला मतदान जाहीर झाले आणि मार्चमध्येच रद्द झाले. कारण असे की, नागरी वस्त्या वेगळ्या काढून स्थानिक पालिकांत विलीन करण्याचा केंद्राचा विचार होता.

२००६ चा छावणी कायदा म्हणतो, अनुदान आणि केंद्रीय योजनांसाठी छावणी परिषद ही नगरपालिकाच समजावी. पैशापुरती नगरपालिका! मग संविधानाच्या २४३-यू कलमातील पाच वर्षांची मुदत आणि वेळेवर निवडणूक तिथे का पोहोचत नाही?

शाश्वत विकास हा आता सरकारी भाषणांतला लाडका शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरविलेल्या १७ उद्दिष्टांपैकी ११ वे शहरांचे आहे आणि त्यात लोकसहभागाने नियोजन असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे झाडे आणि नदीकाठ तेवढे उचलले जातात.

छावणीबाहेर तरी काय होते? एप्रिल २०२० पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. १६८० कोटींची पाणीयोजना २७४० कोटींवर गेली, तेव्हा जाब विचारायला सभागृहच नव्हते. याच काळात छावणीला लागून वाहणाऱ्या खाम नदीचे काम झाले आणि ते चांगले झाले, हेही मान्य करू. पालिका आणि छावणी परिषद त्यात एकत्र आल्या.

मग नगरसेवक हवेतच कशाला, असे काहीजण विचारतात. २०१८ चा कचराप्रश्न तर निवडून आलेल्या पालिकेच्याच काळात पेटला होता. फेब्रुवारीत नारेगावकरांनी गाड्या अडविल्या, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. पण तेव्हा कोणाच्या दारात जायचे हे लोकांना ठाऊक होते. नामनिर्देशित सदस्याला लोक कोणत्या मताने पाडणार?

छावणीबद्दल आम्हाला आकस नाही. बाबासाहेब महूच्या छावणीतच जन्मले, रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवीत. लष्कराच्या आसऱ्याने आमच्या मागच्या पिढ्यांना अक्षर भेटले.

आता विलीनीकरणाचे. केंद्राने २०२४ मध्ये सांगितले की नागरी सुविधांची मालमत्ता राज्याला मोफत मिळेल, पण जमिनीचा हक्क, जिथे लागू आहे तिथे, केंद्राकडेच राहील. म्हणजे घरपट्टी पालिकेला भरायची आणि पायाखालची जमीन संरक्षण खात्याची. बंगलेवाला वकील लावेल. एका खोलीत राहणाऱ्याने काय करायचे? आणि सफाई कामगार परिषदेतून पालिकेत जाणार की कंत्राटदाराच्या दारात? आदेश निघण्याआधी त्यांची सेवा, पेन्शन आणि राहत्या घरांचा हक्क त्यात लिहून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी छावणीच्या मतदाराला आधी विचारावे लागेल.