किडा तो किडाच?

दिवाळीत तीर्थपुरीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर ओसरीत बसून मी २०२५ सालातली एक बातमी सांगत होतो. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर कोचीच्या विद्यापीठातल्या संशोधकांना टार्डिग्रेडची नवी प्रजाती सापडली. टार्डिग्रेड म्हणजे आठ पायांचं पाणअस्वल. हे तर जेमतेम ०.१५ मिलिमीटरचं! चांद्रयान-३ वरून त्याचं नाव ठेवलं, बॅटिलिपीस चंद्रयानी.

आमचे दादा म्हणाले, "डोळ्याला दिसंना, त्याला नाव कशाला? किडा तो किडाच की!"

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण हे वाक्य ज्यांनी म्हणू नये असे कुणी असतील तर ते दादाच.

२०१८ मध्ये एक नवी अळी भारतात आली. आधी कर्नाटकात सापडली, मग आपल्याकडे मक्यावर. दादांनी तिला आपली नेहमीची लष्करी अळी समजून वरवर फवारणी केली. ही मात्र पोंग्यात लपून बसते, फवारा तिथे पोचायला हवा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. ती अमेरिकेतलीच अळी आहे ही खात्री जनुकांवरूनही झाली. दादांना खूण कळली तोवर पोंगे खाऊन झाले होते. 'अळी ती अळी' म्हणण्याची किंमत आमच्या घराने रोख मोजलेली आहे.

पाणअस्वलांचंही तेच झालं. मिल्नेशियम टार्डिग्रेडम हे नाव १८४० चं. पुढे जगभर कुठल्याही शेवाळात तसं काही दिसलं की हेच नाव लावायची सवय लागली. २०१२ मध्ये मूळ प्रजातीचं नेमकं वर्णन नव्याने झालं. नख्यांची ठेवण, तोंडाच्या नळीची मापं आणि जनुकं शेजारी ठेवल्यावर कळलं, की एका नावाखाली कितीतरी प्रजाती कोंबल्या होत्या.

एवढ्या बारीक प्राण्याचं सोडा. आपल्या माळावर गळ्याचा पंखा उघडून मान डोलावणारा सरडा घ्या. जवळजवळ सगळ्यांना वर्षानुवर्षं एकच नाव होतं, सिटाना पॉन्टिसेरियाना. २०१६ मध्ये शरीररचना आणि जनुकं दोन्ही तपासून संशोधकांनी त्यांतून नवी प्रजाती आणि एक अख्खं नवं कुळ वेगळं काढलं. त्या कुळाचं नाव चक्क मराठी आहे, 'सरडा'! त्यातला सरडा सुपर्बा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा. तिथे पवनचक्क्या आहेत. २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, म्हणून सरडे वाढले, पण अंगाने उतरले. नावच नसतं, तर 'सरडेच ते, सगळीकडे असतात' म्हणून विषय संपला असता. सगळीकडे असतं, त्याची काळजी कुणीच करत नाही.

आता दुसऱ्या बाजूची शहाणी मंडळी. त्यांच्या मते डीएनए यंत्रात घातलं की काम झालं, सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडायची गरज नाही. हेही मला मान्य नाही. नुसता डोळा फसतो हे खरं. नर, मादी, पिल्लू एकाच जातीत वेगळे दिसतात आणि दोन वेगळ्या जाती सारख्या दिसतात. पण संगणकातली अक्षरं बांधावर उभ्या शेतकऱ्याच्या काय कामाची? त्याला उलटा वायच लागतो. जनुकं सांगतात की वेगळं आहे, शरीर सांगतं की ओळखायचं कसं. ज्या कामात यातलं एकच आहे ते मला अर्धवट वाटतं.

असो. निघताना दादांना एवढंच म्हणालो, "तुमच्या मक्यातला तो किडा, किडाच होता का?"

दादा काही बोलले नाहीत. पण न्हाणीच्या भिंतीवरच्या शेवाळाकडे बोट दाखवून पुतण्याने विचारलं, "काका, यात असंल का ते अस्वल?"

पुढच्या वेळी सूक्ष्मदर्शक घेऊन जाणार आहे.