हयातीचा दाखला आमचा, आणि तारीख तुमची

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस

वर्षातून एकदा आम्ही माजी सैनिक हयातीचा दाखला देतो. तारीख चुकली की पेन्शन थांबते. फौजेत राहिलेल्या माणसाला तारीख पाळायला शिकवावे लागत नाही, म्हणून त्याविषयी काही म्हणणे नाही. आमची तक्रार तुम्ही चुकवलेल्या तारखेची आहे.

'वन रँक वन पेन्शन'चा ७ नोव्हेंबर २०१५ चा आदेश तुमच्याच मंत्रालयाचा. दर पाच वर्षांनी पेन्शनची फेरनिश्चिती होईल, असे त्यातच लिहिले आहे. हिशेब १ जुलै २०१४ पासून सुरू झाला, म्हणजे पुढची फेरनिश्चिती १ जुलै २०१९ ला हवी होती. झाली नाही. १६ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने फरकाची रक्कम तीन महिन्यांत द्यायला सांगितले. तुम्ही मुदतवाढ मागितली, मग आणखी एकदा मागितली. मंत्रिमंडळाची मंजुरी आली २३ डिसेंबर २०२२ ला. आणि २० जानेवारी २०२३ ला तुमचे पत्र निघाले, की पैसे चार सहामाही हप्त्यांत मिळतील! न्यायालयाने घालून दिलेली मुदत मंत्रालयाचे एक पत्र कसे बदलते? जवानाने वरून आलेला हुकूम असा स्वतःच्या सोयीने बदलला असता, तर त्याचे काय झाले असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पत्र मागे घ्या, असे शेवटी न्यायालयालाच सांगावे लागले. तरी २० मार्च २०२३ च्या आदेशानुसार सत्तरीच्या आतल्या पेन्शनरांना शेवटच्या हप्त्यासाठी २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबणे आले. चार वर्षे आठ महिने. मधल्या काळात चार लाख पेन्शनर वारले, असे न्यायालयात गेलेल्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या वकिलांनी तिथे सांगितले.

ही संघटना, इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट, २००८ साली उभी राहिली. २००९ मध्ये 'वन रँक वन पेन्शन'च्या मागणीसाठी माजी सैनिकांनी आपली पदके राष्ट्रपतींकडे परत केली. छातीवरचे पदक उतरवून देणे म्हणजे काय, हे ते मिळवणाऱ्यालाच कळते. जून २०१५ पासून म्हातारी माणसे जंतरमंतरवर साखळी उपोषणाला बसली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलीस त्यांना तिथून उठवायला आले. एवढे झाल्यावर नोव्हेंबरचा तो आदेश निघाला, आणि त्यातली पहिलीच तारीख तुम्ही चुकवलीत.

जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. आमच्या रावेतच्या बाजूचे कितीतरी माजी सैनिक चाकण-तळेगावच्या कारखान्यांच्या गेटवर रात्रपाळी करतात. त्यांच्या घरात फरकाची रक्कम म्हणजे मुलीची फी असते.

२०२४ नंतरची पुढची फेरनिश्चिती १ जुलै २०२९ ची. वाढीव पेन्शन त्याच महिन्यात जमा होईल, असा लेखी आदेश आत्ताच काढा. जे वाट पाहता पाहता गेले, त्यांच्या थकबाकीसाठी विधवांना कार्यालयांच्या पायऱ्या चढायला लावू नका; ती रक्कम तुम्ही स्वतः त्यांच्या खात्यात पोहोचवा.

रावेत येथील एक माजी सैनिक