खांद्याची रंगीत तालीम

हात गोल फिरवून पाहा बरं! शरीरात सर्वांत जास्त फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ बशीसारख्या खोबणीवर टेकलेला असतो, म्हणून एवढी मोकळीक! हा सांधा फारच झिजला, तर कृत्रिम बसवतात. पण बशीचं हाड लहानसं. स्क्रू तिरपा गेला, तर सांधा सैल होऊ शकतो.

मग काही डॉक्टर काय करतात? सीटी स्कॅनवरून संगणकावर त्याच रुग्णाच्या खांद्याची प्रतिकृती करून आधी तिच्यावर तालीम करतात. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत कॅमेरा अवजारांवर नजर ठेवतो, पडद्यावर दिशा दिसते. हात मात्र डॉक्टरांचाच!

स्नेहसंमेलनाआधी तुम्हीही तालीम करता ना? चूक व्हायचीच असेल, तर ती तालमीत झालेली बरी!