शेवटचे कडवे नीट ऐका



जयंती आली की कर्जत-खालापूरच्या वस्त्यांतून शिंदे घराण्याचा आवाज घुमतो. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद, नातू आदर्श. तीन पिढ्यांची शेकडो गाणी! आपल्याला पाठ असतात पाच-दहा. बाकीची ऐकायची कुठून?

सुरुवात प्रल्हाददादांपासून करावी. त्यांची भीमगीते, विठ्ठलाची गाणी आणि कव्वाली पाठोपाठ ऐका. गळा एकच, पण ढंग किती! मग आनंद-मिलिंद. त्यांच्या 'नवीन पोपट'ने कॅसेटच्या जमान्यात घरोघर धुमाकूळ घातला. शेवटी आदर्शची चित्रपटगीते.

ऐकताना शेवटचे कडवे सोडू नका. कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा असे, कवीचे नाव पुष्कळदा बारीक अक्षरात. पण आपल्या शाहिरांची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफतात. तिथे 'वामन' आले तर समजा, हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक. गाणे गाजवले गायकाने, शब्द दिले वामनदादांनी.

प्रल्हाददादा आणि वामनदादा दोघेही २००४ साली गेले. जुन्या फितींना ट्रंकेत बुरशी लागते आहे. म्हणून मुलांच्या हाती एक वही द्या. गाणे, गायक, कवी असे तीन रकाने आखा. कवी कळला नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि घरातल्या आजीला विचारा. तिने जलशात, गायन पार्टीत जे ऐकले, ते कुठल्याच कॅसेटवर नसेल. तेही आजच लिहून घ्या.

जयभीम!