रेगे म्हणजे नुसता मार्लेचा टीशर्ट नव्हे!

स्वतःला रेगेचा चाहता म्हणवणाऱ्या कुणालाही विचारा, रेगेमध्ये बाईवरचं गाणं कुठलं? लगेच उत्तर येतं, बॉब मार्लेचं 'नो वुमन, नो क्राय'. काही महाभाग तर डोळा मारून अर्थही सांगतात, "बाईच नाही तर रडायचं कशाला!" अहो, जमैकाच्या बोलीत त्याचा अर्थ 'नको गं बाई, रडू नकोस' असा आहे. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीतले हलाखीचे दिवस आठवत तो एका बाईचे डोळे पुसतोय आणि आपण गोव्याच्या शॅकमध्ये बियरची बाटली उंचावून तेच गाणं बायकोवरचा विनोद म्हणून गातोय. धन्य!

असो. माझं भांडण मार्लेशी नाहीच, तो ग्रेटच आहे. भांडण आहे ते त्याच्या मागे उभ्या असलेल्यांकडे न बघणाऱ्यांशी. १९७४ नंतरच्या त्याच्या मैफलींचे व्हिडिओ काढून बघा. मागे तीन बायका गाताना दिसतील. रीटा मार्ले, मार्शिया ग्रिफिथ्स आणि जूडी मोवाट. 'आय-थ्रीज' हे त्यांचं नाव. आपण ज्याला मार्लेचा आवाज म्हणतो त्यातला बराच भाग या तिघींचा आहे. (बॅकएंडला काम करणाऱ्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको.)

यातल्या जूडी मोवाटने १९७९-८०च्या सुमारास 'ब्लॅक वुमन' नावाचा अल्बम काढला. त्याची निर्माती ती स्वतःच. ज्या धंद्यात स्टुडिओ, निर्माता, वाद्यवृंद, सगळं पुरुषांच्या हातात होतं, तिथे ही साधी गोष्ट नव्हती. आणि शीर्षकगीत ऐका. त्यात काळ्या स्त्रीच्या डोळ्यांचं, केसांचं कौतुक नाही. मळ्यावरचे फटके आहेत, साखळदंड घालून लिलावात उभं केलेलं शरीर आहे. हा सगळा इतिहास सांगून ती म्हणते की हे गाणं तुझ्यासाठी आहे, आता हार मानू नकोस. सुरात कुठेही रडगाणं नाही. एका बाईने दुसरीचा हात धरावा तसं ते गाणं आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? रास्ताफारी पंथात तर बाईला 'राणी'च म्हणतात! म्हणतात ना. पण त्याच पंथातल्या कडक गटांत या राणीने डोकं झाकायचं, नवऱ्याचं ऐकायचं आणि पाळीच्या दिवसांत बाजूला बसायचं. ओळखीचं वाटलं ना? आपण देवी म्हणतो, ते राणी म्हणतात. मोवाट स्वतः तेव्हा रास्ताफारीच होती, हे लक्षात घ्या. म्हणजे तिने बाहेर उभं राहून दगड मारलेले नाहीत, घरात बसून बाईची गोष्ट बाईच्या तोंडून सांगितली.

आता त्याच जमैकातलं दुसरं उदाहरण. १९९२ साली बूजू बँटनचं 'लव्ह मी ब्राउनिंग' गाजलं. 'ब्राउनिंग' म्हणजे उजळ रंगाची मुलगी. गाडी, बाइक, पैसा हे सगळं आवडतं, पण सर्वात जास्त आवडते ती ब्राउनिंग, असा एकूण मामला. म्हणजे बाई बसवली कुठे, तर मालमत्तेच्या यादीत! यावर जमैकात बोंबाबोंब झाली, तेव्हा त्याच वर्षी त्याने 'लव्ह ब्लॅक वुमन' हे गाणं काढलं. काळ्या मुलीही मला आवडतात, त्यांचाही मी मान राखतो, वगैरे. बरेच जण याला काळ्या स्त्रीचा गौरव म्हणतात. मला विचाराल तर हा गौरव नव्हे, ही पॅच रिलीज आहे. बग तसाच राहिला. आधी गोऱ्या रंगाला सर्टिफिकेट, मग काळ्या रंगाला. सही करणारा तोच. कातडीला पास-नापास करायचा अधिकार याला दिला कुणी?

आणि हा रंगाचा रोग तिकडचाच आहे असं समजून हसू नका. जमैकात कातडी उजळवायची क्रीमं खपतात तशी आपल्याकडेही खपतात. 'फेअर अँड लव्हली'चं २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. पाटी बदलली. मुलीच्या बायोडेटात 'गोरी' लिहायचं बंद झालंय का?

आता हिशोबाचं बोलू. रेगेसाठी ग्रॅमी पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. मोवाटला 'वर्किंग वंडर्स'साठी अगदी सुरुवातीलाच नामांकन मिळालं होतं. पण एकट्या गायिकेने हा पुरस्कार जिंकायला २०२० साल उजाडलं. ती कोफी, वय वर्षं १९. मध्ये पस्तीस वर्षं गेली. यावर कुणी म्हणेल, "पण तेव्हा बायका रेगे गातच कुठे होत्या?" त्याला पुन्हा एकदा मार्लेच्या मैफलीचा व्हिडिओ लावून द्या आणि सांगा, या वेळी मधल्या माणसाकडे बघू नकोस.