प्राणिप्रेमाचं बिल कोण भरतंय?

'द सिम्पसन्स' हे अमेरिकन कार्टून सगळ्यांनी पाहिलं नसेल, पण त्यातली पिवळी माणसं ओळखीची असतील. १९८९ साली ही मालिका उभी करणाऱ्या तिघांपैकी एक होता सॅम सायमन. त्याआधी 'टॅक्सी', 'चीअर्स'साठी लेखन-निर्मिती केलेला माणूस. १९९३ मध्ये तो 'सिम्पसन्स'मधून बाहेर पडला, पण नफ्यातला वाटा करारात लिहून घेऊन. पुढे काम न करता दरवर्षी कोट्यवधी डॉलर येत राहिले. (आमच्या धंद्यात सोडताना शेवटचा पगार मिळाला तरी नशीब!)

सायमन व्हेगन होता. मांस-अंडी सोडाच, दूध-तूपही वर्ज्य. पण त्याने लोकांच्या ताटात डोकावण्यापेक्षा स्वतःच्या खिशात हात घातला. बेवारस कुत्र्यांना शिकवून बहिऱ्या माणसांना, जखमी सैनिकांना सोबतीला दिलं. कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीसाठी फिरता दवाखाना काढला, तोही फुकट. जपानी व्हेल-शिकारी जहाजांच्या आडवं जायला एका संघटनेला बोट घेऊन दिली, आणि ती जपान सरकारचीच जुनी बोट निघाली! २०१२ मध्ये कॅन्सरचं निदान झालं, डॉक्टरांनी काही महिने दिले. मग तर त्याने देण्याचा सपाटाच लावला. फरसाठी चिंचिला पाळणारा एक फार्म मालकाला पैसे मोजून बंद केला, चारशेवर जीव सोडवले. गोरगरिबांसाठी व्हेगन जेवणाचा खर्चही उचलला.

८ मार्च २०१५ रोजी तो गेला. त्याच आठवड्यात आपल्याकडे गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. गायीला बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, आता बैल-वळूही आले. पेढे वाटले गेले, फ्लेक्स लागले. थकलेल्या बैलाची वैरण मात्र शेतकऱ्याच्या माथी.

मी काही व्हेगन नाही, दुधाचा चहा पीतच हे लिहितोय. भाकड जनावर जगवायला माझा विरोध नाही. पण ज्यांना ते जगवायचंय त्यांनी, आणि ज्या सरकारने कायदा केला त्याने, दावणीला येऊन पेंडीचा भाव विचारावा. सायमनने फार्म बंद करताना मालकाला बुडवलं नव्हतं. आपल्या बाजारात म्हातारा बैल घेऊन आलेला माणूस संध्याकाळी तोच बैल घेऊन घरी जातो. त्याला कोण काय देतंय?

कमेंटमध्ये मला धर्म शिकवण्याआधी तेवढं सांगा.