ढगातले बिऱ्हाड

'क्लाऊड' हा शब्द ज्याने कोणी या धंद्यात रूढ केला, त्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी. भाड्याने दिलेल्या यंत्रांच्या व्यवसायाला इतके हलके आणि निरुपद्रवी नाव सापडणे सोपे नव्हते. ढग कोणाच्या मालकीचा नसतो, तो कोणाकडे भाडे मागत नाही आणि महिनाअखेरीस बिलही पाठवत नाही. प्रत्यक्षातला हा ढग मात्र चांगला जमिनीवर उभा आहे. सिमेंटच्या प्रचंड इमारती, आत रांगेने रचलेले हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेलीच तर डिझेलचे जनरेटर आणि दाराशी पहारा, असा त्याचा थाट असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईतच अशी सेवा सुरू केली. म्हणजे आपण ज्याला ढग म्हणतो, तो कदाचित आपल्या घरापासून लोकलच्या चार-सहा स्टेशनांवरच असेल.

रविवारच्या निवांत सकाळी वाचकांना या यंत्रांच्या भानगडीत कशाला पाडायचे, असे कोणी म्हणेल. पण सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, मुलाच्या क्लासचे गुण, पतसंस्थेतील खाते, वधूवर सूचक मंडळातील नोंदणी, गल्लीतल्या काकूंकडे दिलेली दिवाळी फराळाची ऑर्डर, हे सारे आता कोठल्या ना कोठल्या वेब ॲप्लिकेशनमधून चालते. आपल्या हातातला फोन ही त्याची नुसती खिडकी असते. घर दुसरीकडेच असते, आणि बहुधा ते भाड्याचे असते. तेव्हा हा प्रश्न इंजिनिअरांपुरता उरलेला नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी या भाड्याच्या व्यवस्थेचा विरोधक नाही. पूर्वी एखाद्या संस्थेला संकेतस्थळ चालवायचे तर स्वतःचा सर्व्हर विकत घ्यावा लागे, त्याच्यासाठी वातानुकूलित खोली, बॅटऱ्या आणि रात्रीअपरात्री धावून येणारा माणूस ठेवावा लागे. २००६ साली ॲमेझॉनने साठवणुकीची जागा आणि संगणक तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हे चित्र पालटले. आपल्याकडच्या दहावीच्या निकालाचे उदाहरण घ्या. वर्षातल्या एका दुपारी लाखो मुले आणि त्यांचे पालक एकाच वेळी त्या पानावर तुटून पडतात, आणि उरलेले वर्ष तिथे सामसूम असते. त्या एका दुपारसाठी शेकडो यंत्रे विकत घेणे म्हणजे मुलीच्या लग्नासाठी घरात मंगल कार्यालय बांधण्यासारखे आहे. दिवसभरासाठी कार्यालय घ्यावे, संध्याकाळी किल्ली परत करावी, हाच शहाणपणा.

परंतु भाड्याच्या जागेचेही प्रकार असतात. एकात चार भिंती आणि छप्पर मिळते; सामान तुमचे, सोडताना ते टेम्पोत घालून न्यायला तुम्ही मोकळे. दुसऱ्यात पलंग, शेगडी, स्वयंपाकी, सगळे मालकाचे. तुम्ही फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी राहायला जायचे. गुगलने २००८ साली आणलेले ॲप इंजिन या दुसऱ्या जातीचे होते. तुम्ही प्रोग्राम लिहून द्या, यंत्रे किती लावायची, कधी वाढवायची, ते आम्ही बघतो, असा तो करार होता. सुरुवातीला काही मर्यादेपर्यंत सारे फुकट होते. पण प्रोग्राम त्यांच्याच पद्धतीने लिहावा लागे आणि माहितीही त्यांच्याच खास कोठारात ठेवावी लागे. २०११ साली दरपत्रक बदलले आणि अनेकांची बिले वाढली, तेव्हा बिऱ्हाड हलवायचे तर अर्धे घर नव्याने बांधावे लागेल हे त्यांच्या लक्षात आले. हेरोकू या कंपनीनेही बरीच वर्षे लहान प्रकल्पांना फुकट जागा दिली. विद्यार्थी, हौशी मंडळी आणि छोट्या संस्था तेथे सुखाने नांदल्या. २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती सोय बंद झाली. कंपन्यांनी यात बेकायदा काही केले असे मी म्हणत नाही. जागा त्यांची, दर ठरवण्याचा हक्कही त्यांचा. फुकटची ओसरी कायमची आपली, हे मात्र भाडेकरूने मनाशी धरू नये.

मोठ्यांचे एक बरे असते. ड्रॉपबॉक्सने आपला बराचसा साठा ॲमेझॉनच्या यंत्रांवरून स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि त्यातून दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचल्याचा हिशेब २०१८ साली शेअर विक्रीच्या कागदपत्रांत मांडला. त्यांच्याकडे पैसा होता, माणसे होती. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने काय करायचे?

हे वाचनालय कल्पनेतले नाही; माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. हजारो पुस्तकांची सूची आणि सभासदांची वर्गणी तिथल्या एका उत्साही तरुणाने संगणकावर आणली, तीही विनामोबदला. खाते त्याच्या नावावर, कार्ड त्याचे, ओटीपी त्याच्या फोनवर. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, नंबर बदलला, कार्डाची मुदत संपली. बिल थकले आणि एके दिवशी सूची दिसेनाशी झाली. कार्यवाहांनी कंपनीला पत्रे लिहिली, तर उत्तर आले की हे खाते आपले नाही. नियमाने ते बरोबरच होते! तरुणाचा पत्ता लागेपर्यंत दोन महिने गेले आणि तोवर ग्रंथपालबाई पुन्हा जुन्या वहीत नोंदी करत बसल्या. ती वही त्यांनी रद्दीत घातली नव्हती, म्हणून निभावले.

माझ्या मते सारा मुद्दा त्या वहीत आहे. जागा स्वतःची की भाड्याची, यावरून आपण वाद घालतो. खरा प्रश्न प्रत कोठे आहे हा असतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची इमारत जळाली आणि ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. यावर, बघा, भाड्याची जागा अशी असते, असे कोणी म्हणेल. पण २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथे आग लागली ती सरकारच्या स्वतःच्या केंद्राला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा त्यात नष्ट झाला, कारण त्याची प्रतच ठेवलेली नव्हती. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगलकडली व्यवस्था एका चुकीच्या नोंदीमुळे पुसली गेली. सहा लाखांवर सभासद आठवडाभर आपले खाते पाहू शकत नव्हते. पण निधीने दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि त्यांच्या आधाराने सारे पुन्हा उभे राहिले.

म्हणून आपण ज्या ज्या मंडळाचे, सोसायटीचे, शाळेचे सभासद असू, तिथल्या पुढच्या वार्षिक सभेत चार प्रश्न विचारावेत. संकेतस्थळाचे नाव आणि भाड्याचे खाते संस्थेच्या नावावर आहे की कोणा एकाच्या? माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली जाते का, आणि त्या प्रतीवरून सारे परत उभे करून कोणी कधी पाहिले आहे का? बिल अचानक वाढले तर कळेल कोणाला, आणि खर्च थांबवणार कोण? कारण इशारा देणारी सोय बहुतेक ठिकाणी असली, तरी ती नळ आपोआप बंद करतेच असे नाही. आणि शेवटचा प्रश्न, उद्या जागा सोडायची ठरली तर सामान बाहेर काढायला किती दिवस लागतील? या प्रश्नांना संगणकाचे ज्ञान लागत नाही. घर भाड्याने घेताना आपले आईवडील हेच विचारत आले.

शेवटच्या प्रश्नाला कायद्याचेही पाठबळ हवे. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला एका कंपनीकडून दुसरीकडे जाता आले पाहिजे, असे त्यात बजावले आहे, आणि या स्थलांतरासाठी पैसे आकारण्यास १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंदी घातली आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपण २०११ पासून देशभर उपभोगतो आहोत. तसाच हक्क आपल्या माहितीबाबत मागण्यात गैर काय? आपल्या ग्राहक चळवळीने वजनमापे आणि भेसळ यांच्यासाठी जी चिकाटी दाखवली, तिचा थोडा अंश इकडेही वळवावा.

भाड्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या सुखाने संसार झाले आहेत, ढगातही होतील. फक्त रेशनकार्ड आणि घराची दुसरी किल्ली घरमालकाच्या कपाटात ठेवून कोणी गावी जात नाही, एवढे व्यवहारज्ञान ढगात राहायला जातानाही सोबत असावे.